चित्रवही: आपलं आयुष्य पानावर उलगडण्याची रीत

‘मी नेमकी कोण?’ असा प्रश्न कोऱ्या पानाच्या डोक्यावर लिहून बसलं, की अर्ध्या तासाने पान तसंच कोरं असतं. त्याऐवजी ‘लहानपणीच्या घरात पिण्याच्या पाण्याचा माठ कुठे होता?’ एवढंच विचारा. हात लगेच हलतो. माठ आठवतो, त्याखालची तिवई आठवते, ओगराळं आठवतं, त्या माठाला हात लावायची कुणाला मनाई होती तेही आठवतं. दहा मिनिटांत आपण आपल्याच आयुष्यातल्या एका अवघड जागी येऊन उभे राहतो. चित्रवही, म्हणजे हल्ली जिला आर्ट जर्नल म्हणतात ती, चालते ती अशाच प्रश्नांवर. प्रश्न लहान हवा, वस्तूला किंवा जागेला धरून हवा. उत्तर आधी हाताने काढावं, शब्द मागून यावेत.

आधी चित्र कशासाठी? आपली गोष्ट आपण इतक्यांदा सांगितलेली असते की वाक्यं तयारच असतात. ‘बाबा कडक होते पण मनाने चांगले’ हे वाक्य विचार न करता लिहिता येतं. बाबांची खुर्ची पानावर काढायची म्हटली, की ती केवढी काढायची, दाराकडे तोंड करून की खिडकीकडे, आणि आपण तिच्यापासून किती लांब बसायचो, हे ठरवावंच लागतं. तयार वाक्याला तिथे जागा उरत नाही.

चित्रकला येत नसली तरी काही अडत नाही. ज्यांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली आहे त्यांनाच जास्त त्रास होतो, कारण कुणीतरी पेपर तपासायला बसलंय असं हाताला वाटत राहतं. अशांनी पहिली चार-पाच पानं डाव्या हाताने काढावीत, डावखुऱ्यांनी उजव्या. खोडरबर पिशवीत ठेवूच नये.

वही आणि सामान

ए-५ आकाराची, ४० ते ६० पानांची वही घ्या. यापेक्षा मोठी वही लोकलमध्ये किंवा बाकावर उघडता येत नाही, लहान वहीत घराचा नकाशा मावत नाही. कागदाची जाडी पाहूनच पैसे द्या. ती जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम यावर, सांगतात. साध्या झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. त्यावर ओला ब्रश फिरवला की तो लगेच गोळा होतो आणि शाई मागे उमटते. फक्त पेन आणि पेन्सिल वापरणार असाल तर १२०-१४० जीएसएम पुरे. पाण्याचे रंग वापरायचे असतील तर २०० किंवा त्याहून जास्त. घरात पातळ कागदाची जुनी वही पडली असेल तर लगतची दोन पानं ग्लू स्टिकने एकमेकांना चिकटवा, काम भागतं. फेविकॉल मात्र इथे नको. त्यात पाणी असतं, पान सुकताना लाटा येतात आणि त्या कायमच्या राहतात.

वहीत कागद, तिकिटं, पाकिटं चिकटणार, म्हणजे ती फुगणार. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येक तिसरं पान कापून टाका. शिवणीपाशी एक सेंटिमीटरची पट्टी मात्र ठेवा. पान मुळापासून उपटलं तर त्याच दोऱ्यातलं जोडपान निसटतं. स्पायरल वहीत ही कापाकापी लागत नाही, पण दोन पानांवर सलग चित्र काढायला मधली तार आडवी येते. बाकावर बसून काढणाऱ्यांनी स्पायरल घ्यावी, घरी टेबलावर काढणाऱ्यांनी शिवलेली.

बाकी सामान एका कंपासपेटीत मावेल एवढंच: एचबी आणि फोर-बी पेन्सिल, ०.५ चं वॉटरप्रूफ काळं पेन, १२ रंगांची वॉटरकलर केकची डबी, ६ नंबरचा गोल ब्रश, अर्धा इंची चपटा ब्रश, ग्लू स्टिक, लहान कात्री, जुन्या सुती कापडाचा तुकडा, पांढऱ्या ॲक्रेलिक रंगाची एक ट्यूब, बटर पेपरचे चार ताव. सामान वाढत गेलं की चित्र काढण्यापेक्षा सामान लावण्यातच वेळ जातो. ‘नवे ब्रश आले की सुरू करू’ म्हणणाऱ्याची वही सहा महिने कपाटात राहते.

पेन वॉटरप्रूफ आहे की नाही हे वेष्टनावर विश्वास न ठेवता शेवटच्या पानावर तपासा. रेघ ओढा, पाच मिनिटं थांबा, वर ओला ब्रश फिरवा. साध्या स्केच पेनची आणि बहुतेक जेल पेनांची रेघ पसरते. ऑइल पेस्टल किंवा मेणाच्या खडूवर जेल पेनने लिहिलं तर टोकात मेण अडकून पेन बंद पडतं. त्यावर लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिल घ्या.

पावसाळ्याचं वेगळं

जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठाण्यात नि खाडीच्या पलीकडे नवी मुंबईत हवा इतकी दमट असते की एप्रिलमध्ये दहा मिनिटांत सुकणारा रंगाचा हात जुलैत तास-दीड तास ओलसर राहतो. वरून कोरडा दिसतो, आतून ओला असतो, आणि वही मिटली की दोन पानं चिकटतात. म्हणून पावसाळ्यात पार्श्वभूमीचा रंग आदल्या रात्री द्यावा आणि वही पंख्याखाली उघडी ठेवावी. हेअर ड्रायर चालतो, पण एक फूट लांबून. जवळून मारला तर पान वाकतं.

ॲक्रेलिकची गंमत निराळी. ते पूर्ण सुकलं तरी दोन रंगवलेली पानं दाबून ठेवली की एकमेकांना धरतात आणि उघडताना रंगाचे पापुद्रे निघतात. समोरासमोर ॲक्रेलिक आलं तर मध्ये बटर पेपर ठेवायचाच. ऑइल पेस्टल तर पक्कं कधी सुकतच नाही, त्यालाही तोच उपाय.

ओलसर वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली की बुरशी आलीच. कापडी पिशवीत ठेवा, आत नव्या पर्स-बुटांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. पिठाची खळ वापरू नका, कसरीला ती फार आवडते.

एक बैठक: अर्धा तास

घड्याळ लावा. पहिली पाच मिनिटं फक्त रंगाचा हात. मटारच्या दाण्याएवढा रंग, दोन चहाचे चमचे पाणी, चपटा ब्रश, अख्खं पान. रंग विचार करून निवडू नका, डबी उघडल्यावर ज्यावर पहिली नजर जाईल तो घ्या. या हाताचं काम एवढंच, की पान कोरं राहत नाही आणि कोऱ्या पानाची धास्ती जाते. आदल्या रात्री हात दिला असेल तर ही पाच मिनिटं चित्राला मिळतात.

पुढची दहा मिनिटं चित्र. एकही शब्द लिहायचा नाही, नावंसुद्धा नाहीत. मग बारा मिनिटं लिखाण. पेन उचलायचं नाही, खाडाखोड नाही, शुद्धलेखन नाही. सुचलं नाही तर शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा; तिसऱ्या-चौथ्या वेळी पुढचं वाक्य येतं. शेवटच्या तीन मिनिटांत लिहिलेलं न वाचता चित्राकडे पाहायचं आणि पानाच्या खालच्या कडेला एकच ओळ लिहायची: ‘हे काढताना कळलं की…’ कोपऱ्यात तारीख, वेळ आणि जागा. ‘कचराळी तलाव, सकाळी ७.१०’ एवढं पुरतं. जागेची नोंद बिनमहत्त्वाची वाटते, पण वही पुन्हा वाचताना सगळ्यात जास्त तीच बोलते.

आठवड्यातून दोन बैठका ठेवा. रोज करायचा हट्ट धरणाऱ्यांची वही बहुधा दुसऱ्या आठवड्यात थांबते, आणि मग थांबल्याची खंतच पुन्हा सुरू करू देत नाही.

पहिला प्रॉम्प्ट: घराचा नकाशा

प्रॉम्प्ट म्हणजे पान सुरू करून देणारा प्रश्न किंवा काम. सुरुवात यापासूनच करा. जिथे सात ते बारा वर्षांचे असताना राहायचात, ते घर काढा. चाळीतली खोली, गावचं माजघर, रेल्वे क्वार्टर, काहीही. पानाच्या खालच्या कडेला मधोमध दार काढा आणि दारातून आत शिरल्यासारखे पुढे जा. भिंतींना एकेरी रेघ, मापाची चिंता नको. मग वस्तू: मोरी, मांडणी, देव्हारा, शिलाई मशीन, ट्रंका, खाट. चाळ असेल तर गॅलरी आणि सार्वजनिक नळही काढा, कारण अर्धं आयुष्य तिथेच गेलेलं असतं.

आता तीनच रंग घ्या. एका रंगाने तुम्हाला सुरक्षित वाटायचं ती जागा भरा, दुसऱ्याने जिथे जायला भीती वाटायची ती, तिसऱ्याने जिथे एकटं राहता यायचं ती. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असतील तर तिसरा रंग कुठे भरायचा हेच कळत नाही. तिथे घाई करू नका. कुणाचा एकांत संडासच्या रांगेत असतो, कुणाचा गच्चीच्या टाकीमागे, कुणाचा पुस्तक डोक्यावर धरून झोपल्याचं सोंग करण्यात. नंतर प्रत्येक माणूस रात्री कुठे झोपायचा तिथे एक ठिपका. मग लिहायला लागा, आणि सुरुवात ‘या घरात आवाज चढला की मी…’ या अर्धवट वाक्यापासून करा.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, नकाशा बरोबर असावा म्हणून मध्येच भावाला किंवा बहिणीला फोन. एकदा फोन झाला की पानावर तुमचं घर राहत नाही, दोघांच्या तडजोडीचं घर येतं. तुमचं पान पुरं होऊ द्या. मग बहिणीला तिच्या आठवणीतलं घर वेगळ्या कागदावर काढायला सांगा आणि ते समोरच्या पानावर चिकटवा. तिच्या नकाशात देव्हारा मोठा आणि तुमच्यात मोरी मोठी असेल, तर कुणाचं चुकलं हे शोधत बसायचं नाही. त्या फरकावरच पुढची बैठक करायची. दुसरी चूक म्हणजे वस्तू काढत राहणं आणि माणसांचे ठिपके टाळणं. तसं होत असेल तर ठिपक्यांपासून सुरुवात करा.

दुसरा प्रॉम्प्ट: आयुष्याची लोकल लाइन

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आयरा प्रोगॉफ यांनी १९६६ साली सुरू केलेल्या जर्नल पद्धतीत आयुष्यातले सुमारे आठ ते बारा टप्पे मांडायचा एक सराव आहे. ठाण्या-वाशीच्या माणसाला टप्प्यांपेक्षा स्टेशनं जवळची. दोन समोरासमोरच्या पानांवर आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला जन्म, उजव्या टोकाला आज. आधी वेगळ्या चिठोऱ्यावर सुचतील तशी बारा स्टेशनं लिहा, क्रम लावू नका. जे आधी सुचतं आणि जे शेवटी सुचतं, दोन्ही महत्त्वाचं, म्हणून त्यांना सुचण्याच्या क्रमाने नंबर द्या. मगच ती रेघेवर वयाप्रमाणे बसवा.

वर्षं आठवत नसतील तर सार्वजनिक खुणांचा आधार घ्या. २६ जुलै २००५ चा पाऊस, नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, मार्च २०२० चं लॉकडाउन. जुन्या पिढीला वाशीचा पहिला पूल, १९७३. मानखुर्दहून वाशीला रेल्वे आली ते १९९२. ठाण्याहून वाशीला थेट लोकल सुरू झाली ते २००४. ‘आईचं ऑपरेशन कधी झालं’ हे आठवत नाही, पण तेव्हा वाशीला एसटीने जायचो की लोकलने, हे नक्की आठवतं.

चाळिशी ओलांडलेल्यांची बरीचशी स्टेशनं दहा ते तीस या वयात गर्दी करतात. स्मरणशक्तीच्या अभ्यासात ही गोष्ट चांगलीच नोंदलेली आहे, त्यामुळे आपलं नंतरचं आयुष्य रिकामं गेलं असा अर्थ काढू नका. उजवीकडची बाजू मोकळी दिसली तर तिथे मुद्दाम तीन स्टेशनं शोधा. मोठी नसली तरी चालतील: एखादी ओळख, एखादं दुखणं, सोडलेली एखादी सवय.

आता फाटे. ठाण्यापुढच्या दिवा स्टेशनातून एक लाइन पनवेलकडे जाते, दुसरी वसईकडे. तुमच्या रेघेवर असं दिवा जंक्शन कुठे आहे? न घेतलेला फाटा तुटक रेघेने काढा आणि त्यावर कल्पनेतली तीन स्टेशनं टाका. लिहिताना ‘मी’ऐवजी ‘ती’ किंवा ‘तो’ वापरा: ‘ती नोकरी सोडून रत्नागिरीला गेली असती तर…’ स्वतःकडे थोडं लांबून पाहिलं की हळहळ कमी होते आणि दिसतं जास्त.

तिसरा प्रॉम्प्ट: खालचं गाव

हा नवी मुंबईत राहणाऱ्यांसाठी आहे, पण ठाण्याच्या घोडबंदर रोडवरही तितकाच लागू. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि त्या वेळच्या ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. ज्या सेक्टरमधून आपण रोज जातो तिथे कुणाची भातशेती होती, कुणाचं मिठागर.

पानावर आजचा तुमचा रोजचा चौक काढा: सिग्नल, रिक्षा स्टँड, मेडिकल, टॉवर. त्यावर त्याच मापाचा बटर पेपर ठेवा आणि फक्त शिवणीच्या बाजूला एक सेंटिमीटर ग्लू लावून चिकटवा, म्हणजे तो झडपेसारखा उघडेल. बटर पेपरवर त्याच जागेचं आधीचं रूप काढा. गावठाणातली माणसं हे आठवणीने काढतील, बाहेरून आलेली विचारून. विचारायचं असेल तर दिवाळे, सारसोळे किंवा घणसोली गावातल्या एखाद्या आजीशी नीट बसून बोला. तिच्या परवानगीशिवाय फोन समोर धरू नका.

कडेला लिहायचा प्रश्न: ‘माझ्या खाली कुणाचं काय आहे, आणि माझं काय कुणाच्या खाली गेलं?’ सातारा, जुन्नर, कोकण सोडून इथे आलेल्यांना दुसरा अर्धा भाग लागतो, इथल्या आगरी-कोळ्यांना पहिला. झडप उघडून-मिटून पाहिल्याशिवाय लिहू नका.

बाहेर बसून करायचे प्रॉम्प्ट सोपे असतात. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी किंवा उपवनला वीस मिनिटं बसा आणि पाच आवाज रेघांनी काढा, वस्तू न काढता. नोव्हेंबर ते मे या काळात नेरुळच्या पाणथळ जागांवर फ्लेमिंगो दिसतात. तिथे बसून ‘माझ्याकडे कोण येतं आणि निघून जातं’ यावर पान करता येईल. ऊन चढायच्या आत जा, नाहीतर रंग ब्रशवरच सुकतो.

कागदपत्रं, फोटो आणि तिकिटं

जुना फोटो मूळ कधीच चिकटवू नका, लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स काढा. ती पाण्याने हलत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटवर ओला ब्रश लागला की चेहरा वाहून जातो. गुळगुळीत कागदावरच्या मशीनच्या पावत्या म्हणजे थर्मल कागद. त्यावरचा मजकूर काही महिन्यांत फिका पडू लागतो, आणि लॅमिनेशनच्या उष्णतेने तो कागद काळा होतो. त्यांचीही आधी झेरॉक्स. वर्तमानपत्राचं कात्रण पिवळं पडणारच. ते पिवळेपण हवं असेल तर तसंच चिकटवा, नको असेल तर प्रत काढा.

जड पानं

काही प्रश्न जखमेवर बोट ठेवतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगांबद्दल लिहिलं होतं. लिहून उठल्यावर लगेच मन जड होतं, हे त्यातही दिसलं. म्हणून असं पान झोपण्याआधी करू नये, ऑफिसला निघताना तर नकोच. नंतर किमान अर्धा तास मोकळा ठेवा, चहा करा, चार पावलं चाला.

‘असं का झालं?’ हा प्रश्न अशा पानावर घेऊ नका. ‘का’ माणसाला त्याच चक्रात फिरवतो. ‘तेव्हा माझ्या हातात काय होतं?’, ‘खोलीत उजेड कुठून येत होता?’, ‘मी काय बोललो नाही?’ असं विचारा. दम लागला, हात कापायला लागले तर तिथेच थांबून पान मिटायचं. ते पुरं करायचं बंधन नाही. नुकतंच कुणी गेलं असेल तर त्या दिवसाचं पान काही आठवडे तरी काढू नका. गेलेल्या माणसाच्या वस्तू काढा, तेवढं पेलतं. मन सावरतच नसेल तर वही बाजूला ठेवून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

वन बीएचकेमध्ये वही कुणी ना कुणी उघडतंच. म्हणून लिहून झाकायची रीत आधीच ठरवा. पेन्सिलने किंवा वॉटरप्रूफ पेनने लिहा, त्यावर पांढऱ्या ॲक्रेलिकचे दोन पातळ हात द्या, पहिला सुकल्यावर दुसरा. साध्या शाईवर पांढरा दिला तर तो जांभळट-गुलाबी होतो. पोस्टर कलरने झाकू नका, पुन्हा ओला झाला की तो सुटतो. झाकलेल्या पानावर नंतर खुशाल फूल काढा. लिहिलेलं खाली आहे हे फक्त तुम्हाला माहीत.

पुन्हा वाचणं

सहा आठवडे मागे वळून पाहू नका. मग एका दुपारी हिरवी पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून बसा. सुधारणा करायच्या नाहीत, फक्त खुणा. कोणता रंग सारखा येतो? कोणती वस्तू तीनदा आली? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कोण माणूस एकाही चित्रात नाही? खालच्या कडेच्या ‘हे काढताना कळलं की…’ या ओळी सलग एका पानावर उतरवून काढा. त्यातल्या दोन-तीन एकमेकींच्या विरुद्ध जातील. त्या शेजारी शेजारी लिहा आणि मध्ये जागा सोडा.

शेवटची दोन पानं अनुक्रमणिकेसाठी राखून ठेवा: तारीख, प्रॉम्प्ट, जागा. जे प्रॉम्प्ट घेतले आणि अर्ध्यावर सोडले त्यांच्यासमोर फुली मारा. वही संपली की फुल्यांमधला एकच प्रॉम्प्ट निवडा आणि तो नव्या वहीच्या तिसऱ्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवा. पहिली दोन पानं हात बसायला लागतात.